जुन्या पत्राचा गट

ग्रिम्सबीत वाऱ्याला अजून मासळीचा वास येतो,
बोटी जाऊन पिढी उलटली तरी.
कौन्सिलच्या दुसऱ्या मजल्यावर माझं टेबल,
शेजारी गळका रेडिएटर
आणि भाडं थकलेल्या नऊशे बारा घरांची यादी.

पहिल्याच बैठकीत माल्कम ऑग्डेन म्हणाला,
हे लोक असेच. आळशी.
पाकिटावर अजून एक लाल शिक्का मारा.
त्याच्या इंग्रजीतून मला सरळ
अकोल्याच्या आमच्या हेडमास्तरांचा आवाज ऐकू आला:
नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही.

मी म्हटलं, बघून तरी येऊ.

बघणं म्हणजे काय, तर दारं वाजवणं.
नोव्हेंबर, चार वाजताच अंधार,
वहीची पानं दमट.
एका दाराआड पाकिटांचा ढीग इतका
की दार पुरतं उघडेना.
वेंडी स्कॅलन, रात्रपाळीला मासे गोठवणारी,
म्हणाली, खिडकीचं पाकीट दिसलं की पोटात कालवतं,
म्हणून टोस्टरमागे ठेवते.
टोस्टरमागे सात महिने होते.
एक म्हातारा प्रत्येक पत्र उघडायचा,
तारखेप्रमाणे टाचून ठेवायचा,
आणि चष्मा फुटल्यापासून एकही वाचलेलं नव्हतं.
आळशी शोधत होते मी.
सापडलाही एक, खोटं का बोला.

शितावरून भाताची परीक्षा करतात आमच्याकडे.
पण भात एका पातेल्यात, एका आचेवर शिजतो.
माणसं तशी शिजत नाहीत.
म्हणून नऊशे बारा.
म्हणून नाणं.

नवं पत्र केलं चार ओळींचं.
साधं पांढरं पाकीट, नाव हाताने लिहिलेलं
(माझी बोटं आखडली),
आत एका माणसाचं नाव आणि त्याचा फोन,
'कारवाई'च्या जागी 'या, बोलू'.
अर्ध्या घरांना हे, अर्ध्यांना जुनंच.
कुणाला कोणतं, ते नाण्यावर सोडलं,
माझ्या दयेवर नाही, माल्कमच्या रागावरही नाही.

वेंडी जुन्या गटात पडली.

मला ते माहीत होतं. यादीत ओळ सहाशे चाळीस.
एका संध्याकाळी तिच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले,
खिशात नवं पत्र,
आणि परत फिरले.
हे बरं केलं की वाईट
त्याचा तक्ता माझ्याकडे नाही.

जूनमध्ये आकडे आले.
जुन्या पत्रावर शंभरातले एकोणीस बोलायला आले,
नव्यावर चौतीस.
माल्कम बराच वेळ कागद उलटसुलट करत राहिला.
मग म्हणाला, आणि उरलेले सहासष्ट?
मी म्हटलं, माहीत नाही अजून.
त्या इमारतीत हे दोन शब्द
बहुधा पहिल्यांदाच कुणी मोठ्याने म्हटले असावेत.
रेडिएटर तेवढा गळत होता.

वेंडीला घर सोडावं लागलं, मे महिन्यात.
क्लीथॉर्प्सला बहिणीकडे गेली, टोस्टर घेऊन.
मी तिला जाऊन सगळं सांगितलं, नाण्यासकट.
तिने चहात साखर ढवळली, विरघळून गेल्यावरही.
म्हणजे तुला दुसरं पत्र माहीत होतं.
ते चालेल की नाही, हे माहीत नव्हतं.
आणि त्याआधी?
आधी तर सगळेच जुन्या गटात होते, वेंडी.
वीस वर्षं. नाणंसुद्धा न उडवता.

ती हसली नाही. माफही केलं नाही.
खिडकीतून समुद्राकडे बघत एवढंच म्हणाली,
पाकिटाचा रंग सोड.
तुमची पत्रं शुक्रवारी पडतात.
सोमवारपर्यंत तिकडे फोन उचलायला कुणी नसतं,
आणि तीन रात्री ते पाकीट घरात.

मी वही उघडली,
तारीख घातली.