शेवटी लिंबू

अकरा वर्षांनी आई घरी आली
ती जुलैतल्या दुपारी, मिनीबसमधून,
चाक निखळलेली एक बॅग घेऊन
आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली सहा लिंबं.

ओझुर्गेतीत लिंबं मिळत नाहीत असं नाही.
बाजारात ढीग लागतात. बाबा तसं म्हणालेही.
ती म्हणाली, ही इमाकोलाताबाईंच्या अंगणातली.
बारीच्या त्या म्हाताऱ्या बाई,
ज्यांना तिनं अकरा वर्षं न्हाऊ घातलं, भरवलं,
आणि ज्या मार्चमध्ये गेल्या.
एवढंच बोलून तिनं बाह्या सारल्या.

फरसबी मी सकाळीच तोडून आणली होती.
बाबांच्या हातची फरसबी म्हणजे
कांदा, अक्रोडाचा कूट, तासभर मंद आच,
रंग जुन्या लष्करी कोटाचा,
चमचा टेकवला की तुटणारी.
तीच खाऊन मी नवाची वीस वर्षांची झाले.
तिच्याबद्दल मी वाकडा शब्द ऐकून घेत नाही.

आई म्हणाली, आज मी करते.
मग ओट्यापाशी उभी राहिली नुसतीच.
मीठ कुठे असतं?
बाबांनी वरच्या फळीकडे बोट केलं.
तिचा हात पुरेना. मी काढून दिलं.

पाणी समुद्राइतकं खारट हवं, ती म्हणाली.
कुठल्या समुद्राइतकं, बाबांनी विचारलं,
आपला तेवढा खारट नाही.
तिनं आणखी एक मूठ टाकली.

शेंगा उकळत्या पाण्यात गेल्या
आणि ती ओठांतल्या ओठांत सेकंद मोजू लागली
इटालियनमध्ये.
तिच्या लक्षातही आलं नाही.
बाबांच्या आलं. त्यांनी खिडकी उघडली,
उगाचच.

चार मिनिटं. मग बर्फाचं पाणी.
हिरवा रंग दचकला
आणि होता तिथेच थांबला.
असा हिरवा आमच्या घरात
मी फक्त वेलीवर पाहिला होता.

हेझलनट मात्र आमचे. गेल्या हंगामातले, पोत्यातले.
ही झाडं तिच्या पहिल्या पगाराची,
पाचव्या वर्षी धरली;
तिनं त्यांची फळं फक्त फोनवर पाहिली,
तीही मी कॅमेरा हलवत असताना.
बाबांनी न सांगता तवा घेतला, दाणे भाजले,
जुन्या फडक्यात बांधून खसाखसा चोळले.
सालपटं उडाली, तिच्या केसांत बसली.
त्यांनी काढली नाहीत. बघत मात्र राहिले.

तेल, लसूण, शेंगा, भरड कुटलेले दाणे.
मी लिंबू चिरलं, पिळायला हात पुढे केला
आणि तिनं माझं मनगट धरलं.
घरी आल्यापासून पहिल्यांदाच.
आत्ता नको. आंबट लवकर पडलं
की हिरवं करपतं, मळकट होतं.
ताटात वाढताना. अगदी शेवटी.

मला आत्ताच पिळायचं होतं.
अकरा वर्षांचं साठलेलं, सगळं, बियांसकट.
तिचा हात ओला होता, गार होता,
आणि बराच वेळ सुटला नाही.
मी लिंबू ओट्यावर ठेवलं.

जेवताना शेंगा दाताखाली करकरल्या.
कच्ची आहे, बाबा म्हणाले.
मग दुसऱ्यांदा वाढून घेतली.
मग भांडं पुसलं पावानं,
सालीचा पिवळा कीस बोटानं टिपून.

मी काही बोलले नाही. ती रात्र लांब होती,
आणि उरलेली पाच लिंबं टेबलावर होती.

सकाळी पाहिलं तर दह्याच्या रिकाम्या डब्यात
बाबा माती भरत होते.
बशीच्या कडेला तिनं काढलेल्या बिया
त्यांनी रात्रीच उचलून ठेवल्या असणार. नऊ.
बियांचं झाड धरायला किती वर्षं लागतात, मी विचारलं.
सात. आठ. थंडीनं वाचलं तर.
मग मातीकडेच बघत, तिला:
तेव्हा असशील?

आईनं उत्तर दिलं नाही.
मिठाचा डबा स्टुलावर चढून वरून काढला
आणि खालच्या फळीवर ठेवला,
तिचा हात पुरेल तिथे.