दुधाचा दात

केमीच्या त्या घरात काचेचं काही नसतं.
पेले प्लास्टिकचे, आरसा पत्र्याचा,
सुऱ्यांच्या कप्प्याची किल्ली माझ्या गळ्यात,
आणि नोव्हेंबरात दुपारी तीनलाच मिट्ट अंधार.

याल्मारी नऊ वर्षांचा.
आल्या दिवशी त्यानं खुर्ची फेकली,
मग मांजराच्या पिल्लाबद्दल काहीतरी सांगितलं
जे मी अहवालात लिहिलं
आणि घरी कुणालाच सांगितलं नाही.

भीती वाटते का, विचारतात नवे लोक.
वाटते.
तो माझ्या कोपराएवढा,
तरी जिना उतरताना मी त्याला पुढे ठेवते.

मंगळवारी तो मनगटाला चावला.
आम्हाला शिकवलंय: हात मागे ओढायचा नाही,
उलट तोंडात आणखी ढकलायचा, जबडा आपोआप सुटतो.
सुटला.
मग तो भिंतीवर डोकं आपटत राहिला
आणि मी मधे उशी धरून
पाऊण तास.

औषध लावताना पिर्क्को म्हणाली, हे बघ,
अर्धवर्तुळात एका दाताची जागा रिकामी.

रविवारीच पडला होता तो.
मुठीतून आणून दिला, अजून ओला.
"पाण्यात ठेव. सकाळी नाणं होतं त्याचं."
म्हणजे कधीतरी, कुणीतरी
त्याच्यासाठी पेला भरला होता.
मीही भरला, प्लास्टिकचा.
सकाळी एकच युरो; त्यानं दोनदा मोजला.

आता व्रण पिवळा पडलाय.
न विचारता तो माझी बाही वर सारतो,
त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवतो.
"इथं दुखत नसेल."

नाही, मी म्हणते. तिथं नाही.