परतीची तारीख

शारजात, अल नहदाच्या शाळेत, दुसऱ्या मजल्यावर माझं ग्रंथालय.
एसीचं पाणी थेंब थेंब बादलीत.
खिडकीबाहेर वाळूच्या रंगाची भिंत
आणि तिच्यावर एक साळुंकी, चोच उघडी टाकून.

पाचशे नव्याण्णवला बिबट्या, तरस, लांडगा.
मगर आणि मुशी दोन नंबर अलीकडे.
तीनशे चौसष्टला माणसं:
फोन करून न बोलणारे,
नको म्हटल्यावर फुलं पाठवणारे,
अकरा वर्षं एकाच बाईच्या दारासमोर गाडी लावणारे.
दोघांच्या मधे दोनशे पस्तीस अंक.
तेवढ्यात भाषा येतात, गणित येतं, तारे येतात.

नुजहत मुकादम, नववी ब,
ऑक्टोबरात बिबट्या घेऊन गेली.
मग दुसरा बिबट्या. मग तरस.
मला वाटलं, प्रोजेक्ट असेल.
आमच्या दाभोळकडची पोर,
म्हणून दोनाऐवजी तीन द्यायचे.

नोव्हेंबरात ती तारे ओलांडून, गणित ओलांडून,
तीनशे चौसष्टपाशी येऊन उभी राहिली.

जनावराचा माग मातीत उमटतो,
वाचणाऱ्याचा रजिस्टरात.
परत आलेलं तरस मी उघडून पाहिलं.
पाणवठ्याच्या प्रकरणात पेन्सिलीची फिकट रेघ:
सावज स्वतःहून येतं, धावायची गरजच पडत नाही.
समासात, बारीक अक्षरात, लिफ्ट.

ती म्हणाली, मॅडम,
ही सगळी शिकाऱ्यांनी नाहीतर पोलिसांनी लिहिलीत.
ज्याच्यावर दबा धरला होता, त्यानं लिहिलेलं नाही एखादं?
मी कॅटलॉग शोधत राहिले. माझी पाठ तिच्याकडे होती,
कदाचित म्हणूनच तिला बोलता आलं.

अकरावा मजला. सात-दहाची बस. एक अंकल,
बाबांच्या कंपनीतले; बाबांच्या व्हिसाच्या कागदावर सही त्यांची.
रोज विचारतात, आज वेणी का नाही घातलीस?
काल तुझ्या खोलीतला दिवा दीडपर्यंत होता.
हात कधी लावला नाही, मॅडम.
मग तक्रार कशाची करायची?
आठवडाभर ती जिन्याने उतरतेय, दप्तर घेऊन.
काल ते सातव्या मजल्यावर, जिन्यात, मोबाईल बघत उभे होते.

वाघ म्हटलं तरी खातो, वाघोबा म्हटलं तरी खातो.
अंकल म्हटलं तर आधी चॉकलेट देतो.
बिबट्याचं पोट भरतं, मग तो झोपतो,
हे सगळ्या पुस्तकांत आहे.
याचं काय भरायचं असतं, ते तीनशे चौसष्टमध्येही
कोणाला नीट लिहिता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला मी त्यांच्या बिल्डिंगमध्ये.
नातूरने विचारलं, कोणाकडे?
मुकादम, म्हटलं, आणि अकराचं बटण दाबलं.
उतरताना आम्ही तिघं.
मी पुस्तक उघडून धरलं, मुखपृष्ठ त्याच्याकडे.
गुड मॉर्निंग, तो म्हणाला.
मी पान उलटलं.
अकरापासून खालपर्यंत
तो उतरत्या आकड्यांकडे बघत राहिला,
मी त्याच्याकडे.

मार्चमध्ये मुकादम गेले.
कोणी म्हणालं सलाला, कोणी म्हणालं कायमचे दापोलीला.
दुसरा बिबट्या परत आला नाही.
दंड रोजचा अर्धा दिरहम; मी नोटीस काढलेली नाही.

सकाळी अजून जाते मी, आठवड्यातून दोनदा, तीनदा.
नातूर आता विचारत नाही.
कोणाकडे येते, हे मलाही सांगता यायचं नाही.
आज नवव्या मजल्यावर एक सहावीतली चढली,
रिबिनीचं एक टोक दातांत धरून.
आठव्यावर दार उघडलं. तो होता.
मला बघून खिसे चाचपले, काहीतरी विसरल्यासारखे,
आणि आत आलाच नाही.

दार मिटलं.
मुलीनं रिबिन सोडली, माझ्याकडे निरखून पाहिलं.
आंटी, म्हणाली,
तुम्ही राहता कुठल्या मजल्यावर?