एक सूत कमी

पहिल्याच आठवड्यात सांगितलं, आधी माणूस मोजा.
मी आईला दाराशी उभं केलं,
टाचेपासून कोपरापर्यंत टेप लावला.
तिला गुदगुल्या झाल्या. म्हणाली,
"ब्लाउज शिवतेस का? गळा मोठा नको ठेवू."
एक्क्याण्णव सेंटिमीटर.
पुस्तकातली बाई हिच्याहून अर्धी वीत उंच,
तिचा ओटा शहाऐंशीला.
आमचाही तेवढाच, आणि ओट्यापुढे पाट.
पंधरा वर्षं त्यावर चढून आई पोळ्या लाटते
आणि मला वाटायचं, फरशी गार लागते म्हणून.

एरंडोलहून जळगाव, सातची एस.टी.
पाठीवर शीटांची नळी; कंडक्टर रोज विचारतो,
"तोफ कुठे लावायची?"
मांडीवर मॉडेल. मे महिन्यात डिंक सुटतो,
भिंती आपापल्या उघडतात,
काडेपेटीच्या काड्यांची खुर्ची सोफ्यावर जाऊन बसते.
पाळधीला एक बाई चढली, बिबड्यांची पिशवी घेऊन.
बोट न लावता तिने सगळ्या खोल्या पाहिल्या.
"घर चांगलं शे. पन पानीना डरम कोठे ठेवशी?"

मी हसले.
मग बांभोरीचा पूल येईपर्यंत
तीच गोष्ट कवटाळून बसले.

ज्युरीला पुण्याचे सर.
"तुमची संकल्पना काय?"
कुणाचं फुलपाखरू होतं, कुणाची लाट.
चोपड्याच्या भाविनीचं स्कँडिनेव्हियन:
बाहेर शेहेचाळीस अंश,
आणि हिने जमिनीवर पांढरं मेंढीचं कातडं पसरलेलं.
माझ्या पश्चिमेच्या भिंतीवर त्यांनी पेन्सिल टेकवली.
"इथे मोठी काच घ्या. उजेड आत येऊ द्या."
मी मान डोलावली.
डरमचं कुणीच विचारलं नाही.

रात्री शीट ओसरीवर पसरली.
बाबांसाठी सरळ करून ठेवली,
त्यांनी ती फिरवून उलटी केली.
तेव्हा कळलं, ते नकाशा उलटाच वाचतात.
साहेब टेबलाच्या त्या बाजूला, मिस्तरी या बाजूला,
तीस वर्षांत कागद कधी त्यांच्याकडे वळलाच नाही.
काचेवर त्यांची करंगळी थांबली.
"ऊनले घरमा कोन बलावस, पोरी?"
आमचीही एक खिडकी त्या बाजूला होती,
मी सातवीत असताना त्यांनीच विटांनी बुजवली,
तिथे आता दप्तरांचा कोनाडा.
मग दाराकडे वळले. "एक सूत कमी धर.
पावसाळ्यात फुगतं."

संगणकात सूत नाही.
तीन मिलिमीटर आणि वर थोडं, असं मी लिहिलं,
मग थोडं खोडलं.

पुढच्या सत्रात ओटा एकोणऐंशीला घेतला,
पश्चिमेला हातभर उंचावर दोन जाळ्या,
न्हाणीशेजारी डरमांना जागा, वर झाकण, झाकणावर बसायची सोय.
बी प्लस. शेरा: साठवण जास्त वाटते.
कोपऱ्यातल्या चौकटीत माझं नाव,
प्रणिता एकनाथ मिस्तरी,
आणि 'तपासणार' समोर सरांची सही.
बाबांनी तेवढीच जागा सरळ करून वाचली.

रविवारी ते कडप्प्याखाली छिन्नी घेऊन बसले.
आईने कुकर काही उतरवला नाही.
"राहू द्या. तीनला पाहुणे येताहेत."
छिन्नी अजून तिथेच आहे, सिलिंडरमागे.

मी पाट मोजला.
जाडी सात सेंटिमीटर,
मधे, जिथे तिची पावलं येतात, एक सूत कमी.

आमच्या घराचा नकाशा अजून अपुरा आहे.
बेसिनला चिन्ह आहे, कमोडला आहे,
कुंडीतल्या झाडाला तर अकरा प्रकारचं.
पाटाला नाही.
ओट्यापुढे एक आयत काढून ठेवलाय,
त्यात काय भरायचं ते ठरत नाही.