झोपे काकांचा टायमर

मे महिना. भुसावळ. पत्र्याखाली
सोल्डर नुसती ठेवली तरी वितळेल, असं वाटायचं.
नाही वितळायची. गन तापवावीच लागायची.

पुंडलिक झोपे लोको शेडमधून आले
की बिस्किटांच्या डब्यातून दोन ट्रान्झिस्टर काढत,
पाय वाकवून शेजारी शेजारी बसवत.
"हा जागा असला का तो झोपे,"
म्हणत, आणि आपल्याच आडनावावर हसत.

लाल, हिरवा. लाल, हिरवा.
सकाळी मोजले: मिनिटाला चाळीस.
दुपारी दोनला अडतीस.
मी जोडणी तपासली, सेल बदलला, पुन्हा अडतीस.
"कपॅसिटर हाय तो. त्याले बी ऊन लागतं, पोरा."

फ्लिप-फ्लॉप मला कधी आवडला नाही.
दाबलेलं बटण तो नीट लक्षात ठेवी,
पण लाइट जाऊन आली
की कोणत्या कुशीवर उठेल, नेम नसे.
काका म्हणत, पाळीवरून आलेला माणूस असाच उठतो.

नळाला पाणी बारा दिवसांनी.
म्हणून कूलरच्या पंपाला त्यांनी
पाचशे पंचावन्नचा टायमर लावून दिला:
दोन मिनिटं चालू, सात बंद.
साबणाच्या डबीत, वर लाल नेलपॉलिशची खूण.

काका आता लेकीकडे, सुरतेला.
कूलर गंजला, वाळा दोनदा बदलला.
डबी तीच.
दुपारी आडवा होतो.
टक. पाणी पडू लागतं.
टक. थांबतं.

सात मिनिटं म्हणाले होते.
आज आठवं चालू आहे,
आणि मी अजून जागा.