तिरक्या चटया

ओहोटीला कापून आणलेलं पोवळं
पहिले काही दिवस दगड नसतं.
नखाने ओरखडा उठतो, बोट ओलं होतं.
बाबा म्हणायचे, काय सांगायचं ते आत्ताच सांगा त्याला,
वारा लागला की ते कुणाचं ऐकत नाही.

त्यांच्या खापरपणज्याने वेळेत सांगितलं असणार:
कमानीत कमान, तिच्या आत अजून एक,
काठाने पीळ दिलेल्या दोरीची नक्षी,
आणि मध्ये काही नाही.
पुरुषभर उंचीचा कोनाडा,
ज्यात कुणी दिवासुद्धा ठेवत नाही.

वरच्या अंगाला निळ्या माशांचे चिनी वाडगे होते.
तीन कुणीतरी उचकटून नेले.
एका खळग्यात कुंभारमाशीने घर केलंय.
तिला उठवायचं नाही, असं ठरलेलं आहे.
कुणी ठरवलं, माहीत नाही.

रमजानच्या आधी मी चुना कालवून उंबऱ्यापर्यंत आणते.
पुढे बाबा नेत, भिंत चाचपत,
कारण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते.

इमाम भिंतीकडे तोंड करून बोलतो
आणि त्याचे शब्द त्या पोकळीतून
माघारी येतात, जरा भरदार होऊन.
लहानपणी मला वाटायचं, आत दुसरा माणूस आहे,
आमच्याकडे तोंड करून उभा.

मग मोंबासाहून नसोरो आला.
जुम्म्याच्या नमाजनंतर त्याने फोन जमिनीवर ठेवला.
सुई थरथरली,
डावीकडे सरकून थांबली.
अकरा अंश.
फोन बिघडलाय, कुणी म्हणालं. आणखी तीन फोन आणले.
तिन्ही डावीकडे.

म्हातारे फुमो खाली बसले.
पन्नास वर्षं, म्हणाले, आणि माझ्याआधी माझे वडील,
आणि पुढे काही बोललेच नाहीत.
भिंत पाडून नवी बांधू, सिमेंट मी आणतो, असं
नसोरो म्हणाला खरा,
पण त्याचाही चेहरा उतरला होता.

बाबांनी कोनाड्यात हात घातला.
गाभण शेळीच्या पाठीवरून फिरवावा तसा
नक्षीवरून खाली आणला. एका जागी थांबले.
"इथे छिन्नी घसरलीये. दुपार झाली असेल."
मग बराच वेळ गेला.
"चटया वळवा," म्हणाले.

तेव्हापासून रांगा तिरक्या.
कोपऱ्यात उघड्या फरशीचा एक त्रिकोण उरतो,
तिथे लहान मुलं बसून चुळबुळ करतात.
माणसं एकीकडे पाहतात
आणि कोनाडा त्यांच्यापासून किंचित उजवीकडे,
खाजण ओलांडून, खडकांकडे,
जिथून त्याला कापून आणलं.

बाबा गेले त्याला तीन पावसाळे झाले.
चुना आता नसोरो लावतो,
माशीचं घर सोडून.

आवाजही हल्ली तिरका येतो.
पूर्वी खांबाला अडायचा.
आता उजव्या दाराशी पोचतो,
मी बादली घेऊन उभी असते तिथे.