विनंती थांबा

वडगावात आमच्या गल्लीतले माग बंद पडले
की माझी झोप मोडायची.
आवाजानं नव्हे, आवाज नसल्यानं.
अप्पा उठायचे, जेकार्डच्या पत्त्यांची माळ
ट्यूबलाइटसमोर धरायचे:
"हे बघ बना, इथं भोक हाय, दोरा उचलतोय.
इथं न्हाई, बसतोय."
एवढंच व्याकरण.
पुठ्ठ्याला मोर माहीत नसतो.

आता नेहरूनगरच्या प्रयोगशाळेत
रात्री अडीचला मी दुसरी माळ वाचते.
तीन-तीन अक्षरांचा एक पत्ता,
पत्त्याला एक मणी,
मण्यांचे प्रकार वीस.
मुंगीला तेच, वडाला तेच,
कुंद्याच्या कढईवर घोंघावणाऱ्या माशीला तेच.
आणि तीन पत्ते असे की ज्यांना मणीच नाही.
तिथं साखळी संपते.

त्यातल्या एकाचं नाव अंबर.
ठेवणाऱ्याच्या मनात राळेचा पिवळा खडा असेल,
मला आभाळच ऐकू येतं.

त्या थांब्यावर मला एकविसावा चढवायचाय.
जिवांच्या वहीत ज्याचं नाव नाही असा,
बाटलीतून आलेला, महाग,
नायट्रोजनची तिपेडी शेपटी असलेला;
शेपटीला पुढं हवं ते अडकवता येतं,
रंग, औषध, काहीही.

पण मणी आपल्या पायानं येत नाही.
त्याला ओळखून पुढं पाठवणारा एंझाइम लागतो,
कोगनोळीच्या नाक्यावरच्या शिपायासारखा,
जो चेहरा बघतो आणि पिशवी चाचपतो.
माझा शिपाई दलदलीतला.
वारा न सोसणाऱ्या एका जुनाट जिवाकडून आणलेला.
त्याच्या खोबणीतलं तीनशे सहावं टायरोसिन काढलं,
जागी ॲलॅनिन बसवलं, अंगानं लहान.
खोली रुंद झाली.
मग कुणीही आत यायला लागलं.

म्हणून आणखी बदल, लाखभर तऱ्हा,
आणि प्रत्येकाला दोन परीक्षा.
पाहुणा ताटात असताना
अँटिबायोटिकात जगून दाखव.
पाहुणा नसताना
घरच्या विसांतला एकही उचललास
तर तुझ्याच पोटात विष तयार होईल.
म्हणजे परक्याला घे,
आणि घेशील तर परक्यालाच.
इतकी कडक अट मी माणसाला घातली नसती.

इराप्पा काचेची भांडी धुता धुता विचारतो,
"काय करूलालीस बाई, रातभर?"
"थांब म्हटल्यावर न थांबणारं शोधूलालोय."
तो हात पुसतो. म्हणतो,
बैलहोंगलच्या अलीकडं त्याचं गाव,
तिथं निल्दाण असं नाहीच,
फाट्यावर कुणी हात केला तर गाडी उभी राहते.
कुणी नसलं तर जाते सरळ.
मी वहीच्या कोपऱ्यात हे लिहून ठेवते.
इतकं नेमकं कुठल्याच शोधनिबंधात वाचलेलं नाही.

चारला निळा दिवा लावला.
शहाण्णव खड्ड्यांपैकी पंचाण्णव काळे.
एक हिरवा.
कोवळ्या हरभऱ्याच्या घाट्याएवढा हिरवा.
मी इराप्पाला हाक मारली, नुसतं बोट दाखवलं.
"आगेद काय?" त्यानं अर्ध्या कन्नडात विचारलं.
"झालंय बहुतेक," मी अर्ध्या मराठीत.

मग शेजारची कंट्रोल प्लेट उचलली,
जिच्यात पाहुणा टाकलाच नव्हता.
ती पूर्ण काळी हवी होती.
डोळे सरावल्यावर तिथंही
अगदी फिकट, साय धरल्यासारखा
हिरवा.

अप्पांचे माग भंगारात गेले त्याला अकरा वर्षं झाली.
काठ विणताना पत्ता चुकला
तर ते उसवत नसत.
म्हणत, काठाशीच नक्षी जास्त,
चूक पण तिथंच जास्त,
पुढच्या पत्त्यात सांभाळून घ्यायची.

वहीत लिहिलं:
गळती नऊ टक्के. घरचाच कुणीतरी शिरतोय,
बहुधा फेनिलॲलॅनिन.
उद्या तीनशे चौऱ्याऐंशी बदलून बघणे.